लाल ठिपक्याचा फोन

मी फोन बदलणार नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना उपदेश करायचा आहे त्यांनी इथूनच पान उलटावं. आळेफाट्यावर एकोणीस वर्षं मी मोबाईल दुरुस्त करते. रोज नवेकोरे, आरशासारखे चकचकणारे फोन माझ्या हाताखालून जातात. आणि माझा स्वतःचा फोन नऊ वर्षांचा आहे. त्याची काच दोनदा बदलली, बॅटरी तीनदा बदलली. कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. मी सोडलेलं नाही.

लोकांना वाटतं, ही चिकट आहे. चिकट असते तर माझी लेक पुण्याहून मागच्या वर्षी नवा फोन घेऊन आली तोच मी आनंदाने वापरत राहिले असते, फुकटच होता. तो परत खोक्यात गेला आहे. "आई, तुझा फोन संग्रहालयात दे," असं ती दर दिवाळीला म्हणते. माझे यजमान शेजारीच टायरचं दुकान चालवतात. त्यांचं म्हणणं, टायर झिजला की मी लोकांना बदला म्हणतो, तेव्हा कुठं घर चालतं, तुझा धंदाच उलटा.

उलटा तर उलटा. माझ्या फोनचं पाठीवरचं झाकण नखाने निघतं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. बॅटरी दमली तर ती काढायची, दुसरी घालायची, झालं. आताचे फोन डिंकाने चिकटवलेले असतात. आत शिरायचं तर आधी गरम करा, मग पातळ पट्टी सरकवा, आणि मागची काच तडकली तर गिऱ्हाइकाची बोलणी खा. वस्तू विकणाऱ्यानेच ती उघडू नये अशी बनवायची, याला मी प्रगती म्हणत नाही. माझ्या फोनला हेडफोनचं भोक आहे. रेडिओ आहे. डोक्यावर एक बारीक काळा डोळा आहे, त्याच्यातून टीव्हीचा रिमोट चालतो. समोरच्या हॉटेलात हिंदी मालिकेतल्या सासवा फार ओरडायला लागल्या की मी बसल्या जागेवरून टीव्ही बंद करते. तिथला वेटर गेली चार वर्षं वायरिंगला शिव्या देतो आहे.

त्याच्यात खोट नाही असं नाही. बँकेचं ॲप त्याच्यावर चालत नाही. फोटो अंधारात आले तर नशीब. पण खोट माझ्यातही आहे. चष्मा लागल्यापासून मला बारीक चिप दिसायला भिंगाचा दिवा लागतो, म्हणून कोणी मला बदलून आणलेलं नाही.

दुकान टाकलं तेव्हा लोक आत येऊन विचारायचे, "कारागीर कुठं गेलाय?" मी म्हणायची, "जेवायला गेलाय, फोन ठेवून जा." संध्याकाळी फोन चालू करून हातात दिला की विचारायचे, "आला व्हता का मग कारागीर?" हे दोन वर्षं चाललं. नंतर बायकांना कळलं, आणि त्यांनी माझं दुकान चालवलं. बाईच्या फोनमध्ये काय काय असतं हे बाईलाच कळतं. भावाला पाठवलेले निरोप असतात, सासूच्या नकळत काढलेले फोटो असतात. परक्या पुरुषाच्या हातात उघडा फोन द्यायला त्यांचा जीव धजत नाही. आळ्याच्या, येडगावच्या, पार घाटाजवळच्या डोंगरी वाड्यांतल्या बायका माझ्याकडे येतात ते यासाठी. मी कामापुरतं बघते आणि बघितलेलं विसरते. या धंद्यात हातापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

या भागातल्या फोनचा पहिला शत्रू म्हणजे पाणी. आणि दुसरा म्हणजे पाण्यावरचे घरगुती उपाय. फोन भिजला की तांदळात ठेवायचा, हे कुठून कोणी पसरवलं कोण जाणे. डोंगराकडच्या एका घरात सुनेने भिजलेला फोन भाताच्या कणगीत खुपसला. कणगी म्हणजे धान्य साठवायची उंच पाटी, मेसकाठीची, म्हणजे बारीक बांबूची विणलेली. सासऱ्याला पत्ता नाही. त्यांनी वरून आणखी चार पायली भात ओतलं आणि तोंड शेणाने लिंपून टाकलं. सून लाजेने गप्प. चार महिन्यांनी कणगी फोडली तेव्हा फोन निघाला आणि ती माझ्याकडे आली. आतून भाताचं तूस निघालं, कोंडा निघाला, आणि एक मेलेला सोंडकिडा निघाला. धुऊन, पुसून, चार्जिंगची खोबण बदलून फोन चालू झाला. मी पुन्हा सांगते, फोन भिजला तर बंद करा, जमलं तर बॅटरी काढा आणि कारागिराकडे आणा. तांदूळ शिजवून खा.

पण जी गोष्ट सांगायला बसले ती तांदळाची नाही, मिठाची आहे.

ठकूमावशी म्हणजे मेंढपाळाच्या घरची. वय साठीच्या पुढे, नवरा गेल्यावर दीडशे मेंढरांचा कळप तिनेच राखला. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड घोड्यांवर लादून माळशेज घाटाने खाली उतरतं आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतं. खाली भाताची कापणी झालेली असते. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. चार-आठ दिवस कळप रात्री तिथे राहिला की लेंडी-मुताचं खत पडतं, आणि बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळतं. कोणाच्या रानात कधी उतरायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण कळप पुष्कळ आणि चांगली रानं थोडी. पूर्वी मावशीचा नवरा आठ दिवस आधी चालत जाऊन ठरवून यायचा. आता ते काम फोन करतो.

तो फोन मी दिलेला होता. सात वर्षांपूर्वी ती दुकानात आली आणि म्हणाली, "पोरी, मला वाचाय येत न्हाई. मला टिकंल आसा फोन दे." माझ्याच फोनच्या मॉडेलचा एक जुना फोन मी दुरुस्त करून ठेवला होता, तो दिला. आणि एक युक्ती दिली. नंबरापुढे नाव लिहिता येत नसेल तर फोटो लावायचा. माणसाचा फोटो लावायला ती तयार नव्हती. "माणसं समदी टोपीवाली, सारखीच दिसत्यात. रान वेगळं दिसतं." मग तिने रानांचे फोटो काढले. बोनेट नसलेला तांबडा ट्रॅक्टर म्हणजे एक शेतकरी. एका शिंगाचा बैल म्हणजे दुसरा. निळं दार, वाकडी टाकी, जांभळीखालची विहीर. असे पन्नासेक नंबर सात वर्षांत जमले होते. वर्षाकाठी दोनदा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईचा सगळा रस्ता त्या फोनमध्ये होता.

सिमकार्डात फोटो मावत नाहीत, म्हणून नंबर फोनच्या पोटात ठेवावे लागतात. त्यांची एक नक्कल दुसरीकडे काढून ठेवायला हवी होती. ते पाच मिनिटांचं काम. सगळ्या जगाला नक्कल काढा म्हणून ओरडणारी मी, तिची काढायची विसरले. दर वर्षी ती यायची, चहा प्यायची, मी फोन पुसून द्यायची आणि विसरायची.

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी मावशी दुकानात आली आणि काउंटरवर तिने एक पुरचुंडी ठेवली. आत फोन होता आणि खडेमीठ होतं.

"मावशी, हे काय?"

"कातरणीच्या आदी मेंढरं धुवाय येडगावच्या पाण्यात घातली व्हती. एक आडमुठी निघाली, तिला धराय गेले आन् कंबरेचा बटवा पाण्यात. लगीच काढला बघ. तीन दिस मिठात ठिवलाय."

"मिठात?"

"तांदूळ आमच्याकडं आत्ता कुठला? बाजरी बारीक, ती आत घुसंल. मीठ मेंढरांना घालाय पोतंभर आसतंय. आन् मीठ पाणी वढतं, आं? पापडाच्या पिठात बघ की."

ती म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. मीठ पाणी ओढतं. ओढतं आणि धरून ठेवतं, आणि खारं पाणी आतल्या तांब्याला खाऊन टाकतं. मी झाकण काढलं. तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की जसा हिरवा कळंक चढतो, तसा सगळ्या बोर्डावर चढला होता. तिच्यावर रागावावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. मेंढपाळाच्या घरात भिजलेल्या वस्तूवर सगळ्यात जवळचा उपाय कोणता असणार? आणि नक्कल न काढण्याचा माझा शहाणपणा तिच्या मिठापेक्षा वाईट होता.

"नंबर हाईत का आत?" तिने विचारलं. "भाऊबीज झाली की निघायचं हाय. कुणालाच सांगून झालं न्हाई आजून. समोरच्या दुकानात आदी गेले व्हते. त्यो पावणा म्हनला, फेका ह्यो डबा, नवा घ्या. मी म्हनलं, नव्यात माझी रानं हाईत का?"

समोर एक काचेचं मोठं दुकान झालं आहे, तिथे फक्त विकतात. मी मालकाला एकदा विचारलं होतं, दुरुस्ती का ठेवत नाही? तो म्हणाला, "ताई, दुरुस्त केलेला माणूस दोन वर्षं परत येत नाही." मावशी निघाल्यावर तोच माझ्या दारात येऊन म्हणाला, "ताई, त्या मॉडेलची हौस तुम्हाला. म्हातारीला कशाला अडकवलंत त्यात?" हे मात्र मला लागलं. कारण त्याच्यात खोटं काही नव्हतं. टिकेल म्हणून मी दिला होता. आता माझा शब्द आणि त्या बाईचा हंगाम एकाच टेबलावर पडले होते.

मावशीचा फोन धुतला, ब्रशने घासला, स्पिरिटने पुसला, भिंगाखाली एक एक जागा तपासली. नंबर ज्या चिपमध्ये असतात ती शाबूत वाटत होती. मेली होती ती वीज वाटणारी चिप. घरात मीटरजवळ मुख्य बोर्ड असतो तसं तिचं काम. ती मेली की बाकी सगळं धडधाकट असून अंधार. ती बदलली तर फोन एकदा तरी उठेल, याची मला खात्री होती. अशा कामासाठी मी मेलेले बोर्ड बिस्किटाच्या डब्यात साठवते. एकाचा अवयव दुसऱ्याला. डबा उपडा केला. त्या मॉडेलचे दोन बोर्ड होते, दोन्हींतून ती चिप मी आधीच कोणाला तरी लावलेली. पुण्या-मुंबईच्या तीन व्यापाऱ्यांना फोन लावले. एक जण हसून म्हणाला, "ताई, त्या मॉडेलचं आता नाव तरी कोण काढतं?"

मी ज्या फोनवरून बोलत होते त्याच फोनमध्ये ती चिप होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा मी म्हणाले, "पार्ट मागवलाय, येतोय." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाटेत आहे." कुठल्याही वाटेत काही नव्हतं. मी माझा फोन मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. आम्ही उघडलेल्या फोनच्या स्क्रूवर असा ठिपका देतो, म्हणजे पुन्हा कोणी उघडला तर कळतं. नेलपॉलिश मी नखांना कधी लावलं नाही, सगळं फोनांनाच लावलं. माझ्या फोनला पाठीवरच ठिपका दिला होता, आपला म्हणून. त्याच्यातून चिप काढायची म्हणजे त्याला गरम हवेखाली घालून मारायचं. एका निर्जीव वस्तूसाठी मी दोन दिवस एका जित्या बाईला खोटं सांगितलं. हेही लिहिलं पाहिजे.

पाडव्याच्या दिवशी मावशी आली आणि काही न विचारता बाकावर बसून राहिली. तिने विचारलं असतं तर मी आणखी एक थाप मारली असती. तिच्या पायातल्या वहाणा नव्या होत्या, घाट उतरायला घेतलेल्या. मी उठले, माझ्या फोनचं झाकण काढलं, बॅटरी काढली, नऊ स्क्रू काढले. गरम हवा धरली. साखरेच्या दाण्याहून थोडी मोठी ती चिप चिमट्याने उचलली आणि मावशीच्या फोनच्या बोर्डावर बसवली. एवढं सोपं होतं. वीस मिनिटं.

फोन उठला. मी आधी नक्कल काढली, दोन ठिकाणी. मग त्याच्या पडद्यावर एक एक रान उघडत गेलं. तांबडा ट्रॅक्टर, निळं दार, वाकडी टाकी. मावशी बोटाने सरकवत होती आणि पुटपुटत होती, जशी मेंढरं मोजतात तशी. तिथूनच तिने पहिला फोन लावला, जांभळीखालच्या विहिरीला. घाट उतरल्यावरचा पहिला मुक्काम तोच असायचा.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मावशे, तुजी लई वाट बघितली. फोन नाय आला, म्हनून काल दुसऱ्याला हो म्हनलो बघ."

काल. म्हणजे पार्ट वाटेत होता त्या दिवशी. मावशीने "आसू द्या, आसू द्या" म्हणून फोन ठेवला आणि पुढचा लावला. बाकीची रानं मिळाली. पण पहिला मुक्काम गेला, म्हणजे लहान कोकरांना घेऊन दोन टप्पे एका दिवसात चालणं आलं. मी फोन पुसून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "मिठात घालू नको."

मग सात महिने मी लेकीने दिलेला फोन वापरला. चांगला होता. फार चांगला होता. खिशात फोन आहे की साबणाची वडी आहे ते कळायचं नाही. तो मला सकाळी सांगायचा की काल तुम्ही इतके तास माझ्याकडे बघितलंत. मी म्हणायची, तुझ्याकडे बघण्यासारखं आहे काय? समोरचा दुकानदार हसून म्हणाला, "आलात ना शेवटी माणसांत." मी त्याला सांगितलं, ही रजेवरची बदली आहे. माझा फोन मी टाकला नव्हता. बोर्ड कापसात गुंडाळून टेबलाच्या पहिल्या खणात होता.

ज्येष्ठात आभाळ भरून यायला लागलं तेव्हा मावशी घाट चढून आली. उन्हाने करपलेली, पण ठणठणीत. बाकावर बसली, पाणी प्यायली आणि कंबरेच्या बटव्यातून एक फडकं काढलं. फडक्यात फोन होता. माझ्याच मॉडेलचा. काच फुटलेली, झाकण नाही, बॅटरी नाही.

"मेल्यालाच आणलाय," ती म्हणाली. "तुला मेल्यालाच लागतो ना? निळ्या दारवाल्याची सून जुन्या भांड्यांत मोडीला घालत व्हती. मी म्हनलं, थांब, माझ्या पोरीला दे."

मी एकदम सगळं सांगून टाकलं. पार्ट मागवलाच नव्हता, दोन दिवस खोटं बोलले, जांभळीखालचं रान माझ्यामुळे गेलं.

ती फडकं घडी करत होती. "ठावं हाय की. पार्ट यायचा आसता तर तू रस्त्याकडं बगितलं आसतंस. तू मांडीकडं बगत व्हतीस." मग म्हणाली, "एक कोकरू दमलं, मी खांद्यावर घेतलं त्येला. मेलं न्हाई. माझी म्हातारी मेंढी हाय ना, दात पडलेली, तिला इकाय मला दोन वरसं झाली जमंना. तुला तर दोनच दिस लागलं."

त्या मेलेल्या फोनची वीज वाटणारी चिप जिवंत होती. मी तिच्या समोरच ती माझ्या बोर्डावर बसवली. नऊ स्क्रू लावले, बॅटरी घातली, सिम बदललं. पडदा उजळला. "थांब, लावून बगते," मावशी म्हणाली आणि तिच्या फोनवर बोट सरकवायला लागली. ट्रॅक्टर गेला, बैल गेला, टाकी गेली. एका फोटोवर ती थांबली आणि तिने दाबलं. माझा फोन काउंटरवर थरथरला आणि जुन्याच आवाजात वाजायला लागला.

मी वाकून तिच्या पडद्यावर बघितलं. माझा नंबर तिने कोणत्या फोटोने ठेवलाय हे सात वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, दुकानाची पाटी असेल. पाटी नव्हती. काउंटरच्या काचेवर पालथा पडलेला माझा फोन होता, आणि त्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका.

तर असं आहे. लेक या दिवाळीला पुन्हा विचारेल, समोरचा दुकानदारही विचारेल. त्यांना माझं उत्तर हेच. नवा फोन घ्यायला माझी ना नाही, पण मग ठकूमावशीला मी कोण म्हणून सापडणार, तेवढं सांगा.